घरचा संगणक : सल्ला आणि निर्णय

दक्षिण दिल्लीत श्री अरविंद मार्गालगत, दिल्ली हाटच्या जवळ लक्ष्मीबाई नगर ही वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत प्रामुख्याने केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आहेत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे शेजारी म्हणून राहतात. ठराविक पगारात संसार करणाऱ्या अशा घरात मोठी खरेदी विचारपूर्वक केली जाते. फ्रिज किंवा शिलाई मशीन घ्यायचे असेल, तर निर्णय फारसा अवघड नसतो; कारण ती वस्तू काय काम करते आणि बिघडली म्हणजे काय होते, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. संगणकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे मोल बाहेरून दिसत नाही. दोन पेट्या सारख्याच दिसतात आणि त्यांच्या किमतीत दुपटीचे अंतर असते. म्हणूनच संगणक घेताना माणूस दुसऱ्याच्या सल्ल्यावर अधिक अवलंबून राहतो.

समजा, या वसाहतीतील एका मराठी कुटुंबात २०१६ च्या सुमारास घेतलेला एक संगणक आहे. सकाळी तो सुरू केला, की चहा होईपर्यंत पडद्यावर काही उमटत नाही. घरातील आई मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेला बसणार आहे. मुलीने उच्च माध्यमिक स्तरावर ‘डेटा एन्ट्री ऑपरेशन्स’ हा विषय घेतला असून त्याची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. वडिलांनी बोनसची रक्कम यासाठी बाजूला ठेवली आहे. रक्कम एकदाच खर्च होणार आहे. ती चुकीच्या ठिकाणी गेली, तर मुलीचा सराव राहील आणि आईचाही अभ्यास अडेल. प्रश्न असा, की नवा संगणक घ्यावा की जुन्यातच सुधारणा करावी?

सल्ला देणाऱ्यांची उणीव नसते. कार्यालयातील सहकारी म्हणतात, “जुन्यावर पैसे घालू नका, सरळ नवा लॅपटॉप घ्या.” पुण्याचा मावसभाऊ दूरध्वनीवरून सांगतो, “सुटे भाग घेऊन जुळवून घ्या, स्वस्तात पडेल.” दुरुस्ती करणारा कारागीर सांगतो, “नुसती रॅम वाढवली, की काम झाले.” दुकानदार सणाच्या सवलतीची मुदत संपत आल्याचे सांगतो. शेवटी शेजारचा, अभियांत्रिकी शिकणारा मुलगा घरी येतो आणि विचारतो, “काकू, तुम्हाला त्यावर काय काय करायचे आहे, ते आधी सांगा ना.” चौघांनी उत्तरे दिली, पाचव्याने प्रश्न विचारला. खऱ्या सल्ल्याची सुरुवात या प्रश्नापासून होते.

सल्ला देणारा कोठून बोलतो?

वरील चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपण उभा आहे तेथून दिसते, ते सांगतो. सहकाऱ्याला रोज प्रवासात काम करावे लागते, म्हणून त्याला लॅपटॉप सोयीचा वाटतो. मावसभावाला यंत्र उघडण्याची हौस आहे. एखादा भाग बिघडला, तर तो स्वतः बदलू शकतो. कारागिराला यंत्रातील दोषांची जाण असते, परंतु त्याची मिळकत दुरुस्तीवर चालते. दुकानदाराला बाजाराची सर्वांत ताजी माहिती असते, तथापि त्याला दुकानातील माल विकायचा असतो. एखाद्या कंपनीच्या विक्रेत्याकडून दुसऱ्या कंपनीच्या मालाची बाजू ऐकायला मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून सल्ला ऐकताना मनाशी दोन प्रश्न विचारावेत. या माणसाची गरज आपल्यासारखी आहे काय? आणि आपण त्याचे ऐकले, तर त्याला काही लाभ होणार आहे काय? लाभ होणार असेल, तर तो सल्ला टाकाऊ ठरतो असे नाही. तो पडताळून घेतला पाहिजे, एवढेच. दुकानदाराने सांगितलेली गोष्ट कारागिराला विचारावी आणि कारागिराने सांगितलेली शिकलेल्या शेजाऱ्याला विचारावी. भिन्न हितसंबंध असलेली दोन माणसे एकच गोष्ट सांगत असतील, तर ती बहुधा खरी असते.

या कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक सल्लागार आहे आणि त्याची आठवण सहसा कोणालाच होत नाही. तो म्हणजे अभ्यासकेंद्रातील शिक्षक. प्रात्यक्षिक परीक्षा कोणत्या प्रणालीवर आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर होते, हे त्यांनाच नेमके सांगता येते. एका भेटीत मिळणारी ही माहिती दहा दुकाने हिंडून मिळणार नाही.

गरजेचा कागद

सल्ला मागण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. संगणकावर कोणती कामे होणार? ती कोण करणार आणि दिवसातून किती वेळ? यंत्र एका जागी राहणार की बाहेर न्यावे लागणार? ते किती वर्षे चालावे अशी अपेक्षा आहे? आणि खर्चाची कमाल मर्यादा किती? शेवटचा आकडा मनात पक्का असावा. दुकानात शिरल्यावर तो ठरवू नये.

हा कागद समोर असला, म्हणजे तांत्रिक शब्दांची भीती कमी होते. त्यांतील तीन शब्द तरी समजून घेतले पाहिजेत. प्रोसेसर हा संगणकाचा कामकरी भाग होय. सूचनांप्रमाणे सर्व क्रिया तो करतो. रॅम ही कामाची तात्पुरती जागा होय. स्वयंपाकघरातील ओट्याशी तिची तुलना करता येईल. ओटा लहान असेल, तर एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही आणि स्वयंपाक रेंगाळतो. तिसरा भाग साठवणीचा. तो घरातील कोठीसारखा असतो. संगणक बंद केला, की ओटा रिकामा होतो, कोठीतील सामान मात्र जागच्या जागी राहते.

साठवणीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरत असतात. घरगुती संगणकात त्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. हवी ती माहिती सापडेपर्यंत वाचकशीर्षाला तबकडीवर इकडून तिकडे सरकावे लागते. एस.एस.डी. या नव्या प्रकारात फिरणारा भागच नसतो. माहिती विद्युत्‌ स्मृतीत साठवलेली असते आणि ती तत्काळ मिळते. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ बऱ्याच अंशी या फरकावर अवलंबून असतो.

लेखन, आकडेमोडीचे तक्ते, ध्वनिचित्रफितींतून होणारे पाठ आणि इंटरनेट एवढीच कामे असतील, तर आठ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एस.एस.डी. सर्वसाधारण घराला पुरते. चित्रफितींचे संपादन करायचे असेल किंवा मोठे खेळ खेळायचे असतील, तर मात्र अधिक क्षमता लागते. जे काम घरात कोणी करणारच नाही, त्यासाठी पैसे मोजणे हा खरा अपव्यय होय.

मराठीत लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागते, असाही एक समज आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. आज वापरात असलेल्या सर्व प्रमुख प्रणालींत मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक अंतर्भूत असतो. केवळ भाषेच्या मांडणीत जाऊन तो सुरू करावा लागतो. तेव्हा ‘मराठीसाठी’ म्हणून कोणी वेगळी रक्कम सांगितली, तर ती कशासाठी आहे हे अवश्य विचारावे.

जुन्या यंत्राची परीक्षा

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. संगणक मंद झाला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. तो कोठे अडतो आहे, हे आधी पाहावे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकाच वेळी दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून त्यातील आकडे पाहावेत. मेमरीचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम मोकळी असूनही डिस्कचा आकडा शंभरावर अडकून राहत असेल, तर हार्ड डिस्क हे मंदपणाचे कारण असण्याचा संभव मोठा आहे. दोन्ही आकडे कमी असून प्रोसेसरच थकलेला दिसत असेल, तर सुधारणेचा फारसा उपयोग होणार नाही. कित्येकदा पंख्यात साचलेली धूळही कारणीभूत असते. यंत्र तापले, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

समजा, या कुटुंबाच्या संगणकात चार जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. दोन्ही बदलता येतात. परंतु येथेही सावध असले पाहिजे. रॅमचे प्रकार वेगवेगळे असतात. डी.डी.आर.३ च्या खाचेत डी.डी.आर.४ बसत नाही. टेबलावरच्या संगणकाची रॅम लांब असते, तर लॅपटॉपची आखूड. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम मुख्य पाटीवरच पक्की केलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून सुटा भाग आणायला जाताना यंत्राचा पूर्ण क्रमांक लिहून न्यावा. शक्य असेल तर जुना भागच सोबत न्यावा. डिस्क बदलण्यापूर्वी छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि अभ्यासाची टिपणे दुसऱ्या जागी उतरवून घ्यावीत. डिस्क पुन्हा विकत मिळते. गेलेली छायाचित्रे मिळत नाहीत.

आणखी एका गोष्टीचा विचार आज टाळता येत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांनी स्वतंत्र नोंदणी केली, त्या घरगुती ग्राहकांना सुरक्षाविषयक सुधारणांसाठी एक वर्षाची मुदतवाढ देण्यात आली. आधार थांबल्यावर संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या दोषांवर उपाय मिळत नाहीत आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्याला धोका संभवतो. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-यंत्रणा आवश्यक असते. शिवाय इंटेलचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या किंवा त्यापुढील पिढीचे असावे लागतात. २०१६ चे यंत्र या कसोटीला सहसा उतरत नाही. मात्र त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवता येते. तिच्यासाठी मूल्य द्यावे लागत नाही. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह विकसित केली आहे.

नेहरू प्लेसची फेरी

दिल्लीत संगणकाचा विषय निघाला, की नेहरू प्लेसचे नाव येतेच. दिल्ली विकास प्राधिकरणाने उभारलेले हे व्यापारी केंद्र संगणक आणि सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसे दिल्लीकरांना नेहरू प्लेस. लक्ष्मीबाई नगरातून तेथे जाणे सोपे आहे. आय.एन.ए. स्थानकावरून मेट्रोच्या गुलाबी मार्गाने लाजपत नगर आणि तेथून जांभळ्या मार्गाने नेहरू प्लेस गाठता येते.

अशा बाजारात पहिल्या फेरीत खरेदी करू नये. पहिली फेरी केवळ चौकशीसाठी ठेवावी. गरजेच्या कागदावरून एक नेमके वर्णन तयार करावे. त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचा प्रकार आणि प्रमाण, साठवण आणि हमीचा काळ लिहावा. तेच वर्णन तीन दुकानांत दाखवून लेखी दरपत्रक घ्यावे. वर्णन एकच असेल, तरच किमतींची तुलना करता येते. “हे संपले आहे, पण त्याहून चांगले देतो,” असे कोणी म्हणाले, तर बदललेल्या वस्तूचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि घरी येऊन विचार करावा. केवळ प्रोसेसरच्या घराण्याचे नाव ऐकून भुलू नये. एकाच नावाखाली अनेक पिढ्या विकल्या जातात आणि जुन्या पिढीचा प्रोसेसर नव्या खोक्यातही असू शकतो.

नकली सॉफ्टवेअर हा अशा बाजारांतील जुना प्रश्न आहे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या कार्यालयाने २०१० नंतरच्या दशकात नकली मालासाठी कुप्रसिद्ध बाजारांच्या ज्या याद्या प्रसिद्ध केल्या, त्यांत नेहरू प्लेसचेही नाव आले होते. याचा अर्थ तेथील प्रत्येक दुकानदार अप्रामाणिक आहे असा मुळीच नाही. प्रामाणिकपणे व्यवहार करणारे अनेक जण तेथे आहेत. परंतु “विंडोज फुकट टाकून देतो” असे कोणी म्हणाले, तर परवाना कोठे आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. विनापरवाना प्रणाली बेकायदेशीर तर असतेच, शिवाय तिच्यातून घातक प्रोग्रॅम घरात शिरण्याची भीती असते.

पावती, हमी आणि तक्रार

संगणकाची पावती ही केवळ पैसे दिल्याची खूण नव्हे, तर ते पुराव्याचे कागदपत्र होय. तिच्यावर दुकानाचा जी.एस.टी. क्रमांक, तारीख, प्रत्येक भागाचे नाव आणि शक्यतो अनुक्रमांक असावा. कर वाचतो म्हणून कच्च्या पावतीवर वस्तू घेणारा ग्राहक थोडे पैसे वाचवतो आणि हक्क गमावून बसतो. हमी कंपनीची आहे की दुकानाची, किती वर्षांची आहे, आणि यंत्र बाहेर उघडले तर ती टिकते का, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. शासनाच्या २०१२ च्या आदेशाने अशी नोंदणी सक्तीची झाली आहे. घरी आल्यावर त्याच दिवशी यंत्र सुरू करून त्याने दाखवलेली रॅम, प्रोसेसर आणि साठवण पावतीशी ताडून पाहावी.

फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. प्रथम दुकानदाराकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क द्यावे लागत नाही.

जुने यंत्र टाकून द्यायचे ठरले, तर त्यातील खाजगी माहिती आधी पूर्णपणे पुसावी. संगणकाच्या भागांत शिशासारखे विषारी धातू असतात. ते कचऱ्यात टाकणे अयोग्य आहे. ई-कचऱ्याविषयीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात लागू झाले आहेत. तेव्हा असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावे.

दोन घरे, दोन निर्णय

आता त्या कुटुंबाकडे वळू. समजा, अभ्यासकेंद्राच्या शिक्षकांनी सांगितले, की प्रात्यक्षिक परीक्षा केंद्रातील संगणकांवर होते आणि घरी मुख्यतः टंकलेखनाचा व तक्त्यांचा सराव हवा. टास्क मॅनेजरने रॅम आणि डिस्क हे दोन्ही दोष दाखवले. तेव्हा आईने जुन्या यंत्रात आठ जीबी रॅम आणि एस.एस.डी. बसवून घेतली व त्यावर लिनक्स प्रणाली घातली. केंद्रातील सॉफ्टवेअरची ओळख राहावी म्हणून मुलगी आठवड्यातून दोन दिवस तेथे जाऊन सराव करू लागली. बोनसचा मोठा भाग शिल्लक राहिला आणि तो परीक्षाशुल्कासाठी उपयोगी पडला.

त्याच जिन्यावरील दुसऱ्या घरात अगदी तसेच यंत्र आहे. तेथील गृहस्थांची लवकरच बदली होणार आहे. मुलाला वसतिगृहात राहून शिकायचे आहे आणि त्याच्या महाविद्यालयाने विंडोजवरच चालणारे एक सॉफ्टवेअर आवश्यक ठरवले आहे. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. यंत्र एकच, निर्णय भिन्न. आणि दोन्ही निर्णय योग्य. कारण निर्णय यंत्राकडे पाहून नव्हे, तर गरजेकडे पाहून घेतलेला होता.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी म्हण मराठीत आहे. पुष्कळदा तिचा अर्थ असा घेतला जातो, की सर्वांचे ऐकल्यासारखे करावे आणि शेवटी स्वतःला वाटेल तेच करावे. परंतु ज्या मनाने गरज लिहून काढली नाही, यंत्र तपासले नाही आणि चार दरपत्रके ताडून पाहिली नाहीत, त्या मनाचा कौल हा निर्णय नसून केवळ लहर असते. संगणक आज आहे, उद्या त्याच्या जागी दुसरे एखादे यंत्र येईल. स्वतःची गरज नेमक्या शब्दांत मांडण्याची आणि मिळालेला सल्ला पारखण्याची सवय मात्र पुढच्या प्रत्येक खरेदीत उपयोगी पडेल.